सहा हजार निष्क्रिय जोडण्यांचे कोडे

दहावीचा निकाल संगणकाच्या जाळ्यावर जाहीर व्हायचा असतो. वेळ दुपारी एकची. एक वाजायला दोन मिनिटे असताना ते संकेतस्थळ अगदी सुखाने उघडते आणि एक वाजून एक मिनिटाने उघडता उघडत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आला असेल. लाखो घरांतून एकाच क्षणी एकच प्रश्न विचारला जातो : माझे गुण किती?

इतक्या जणांना उत्तर देणे एका संगणकाला झेपत नाही. म्हणून सारखीच माहिती असलेले पाच-दहा, कधी शंभरसुद्धा संगणक एकाच कामाला लावतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. या सर्व्हरांच्या पुढे, जणू दारातच, आणखी एक संगणक असतो. तो स्वतः कोणालाही निकाल सांगत नाही. आलेला प्रश्न कोणत्या सर्व्हरकडे धाडायचा एवढेच तो ठरवतो. याचे नाव लोड बॅलन्सर. पंगतीत जसा वाढप्या, तसा हा भार वाटणारा ‘वाटप्या’. या लेखापुरते आपण त्याला वाटप्याच म्हणू.

वाटप्यासमोर एक माणूस बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे पडद्यावर सतत बदलणारे आकडे असतात. निकालाच्या दिवशी कोणता सर्व्हर बंद करायचा, कोठे नवा जोडायचा, का काहीच न करता स्वस्थ बसायचे, हे तो त्या आकड्यांवरूनच ठरवतो. आकडा चुकीचा वाचला तर चांगला चाललेला सर्व्हर बंद पडतो आणि हजारो मुले ताटकळतात. हे आकडे वाचायला लागणारे गणित मात्र तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

एक खराखुरा तक्ता

वेनसाँग झांग या चिनी संगणकतज्ज्ञाने १९९८ साली ‘लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाचा प्रकल्प सुरू केला. साध्या संगणकाला वाटप्या बनवणारी ही प्रणाली पुढे लिनक्सच्या गाभ्यातच सामावली गेली. तिच्या तक्त्यात प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे दोन आकडे दिसतात : सक्रिय जोडण्या आणि निष्क्रिय जोडण्या.

समजा, एका सर्व्हरपुढे सक्रिय १०० आणि निष्क्रिय ६,००० असे आकडे आहेत. पहिल्यांदाच हा तक्ता पाहणारा माणूस हमखास दचकतो. शंभर जण बोलत आहेत आणि सहा हजार जण नुसतेच बसून आहेत! कोणी मुद्दाम हल्ला तर केला नाही ना? सर्व्हर अडकला आहे का? तो बंद करून पुन्हा सुरू करावा का?

उत्तर देण्याची घाई करू नका. जोडणी म्हणजे काय ते आधी थोडक्यात पाहू. तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यात बोलणे सुरू होण्यापूर्वी तीन छोटे निरोप जातात : ‘बोलू का?’, ‘बोला, मीही बोलू का?’ आणि ‘बोला.’ मग प्रश्न आणि उत्तर होते. शेवटी दोन्ही बाजू ‘माझे संपले’ असा निरोप देतात. सुरुवातीचे तीन निरोप झाल्यापासून शेवटचा निरोप निघेपर्यंतची जोडणी ती सक्रिय. बाकीच्या सर्व अवस्थांतील जोडण्या या तक्त्यात निष्क्रिय म्हणून मोजल्या जातात.

आता एक गंमत आहे. या प्रणालीच्या एका प्रचलित मांडणीत प्रश्न वाटप्यामार्फत सर्व्हरकडे जातो, पण उत्तर सर्व्हरकडून थेट तुमच्याकडे येते. प्रश्न चार ओळींचा असतो आणि उत्तर पानभर. तेव्हा उत्तरांचे ओझे वाटप्याने उगाच का वाहावे? युक्ती नामी आहे, पण तिच्यामुळे वाटप्याला संभाषणाची एकच बाजू ऐकू येते. शेजारच्या खोलीत कोणी फोनवर बोलत असेल तर तुम्हांलाही तसेच होते. तुम्ही ‘बरं, ठेवतो’ ऐकता, पण पलीकडचा माणूस काय म्हणाला ते कळत नाही. म्हणून ‘माझे संपले’ हे ऐकल्यावरही वाटप्या ती नोंद लगेच खोडत नाही. सामान्यतः १२० सेकंद ती वहीत ठेवतो आणि मग काढून टाकतो. या दोन मिनिटांत ती निष्क्रिय गणली जाते.

शाळेचा पट आणि लिटलचा नियम

एका शाळेत पहिली ते दहावी असे वर्ग आहेत. दर वर्षी ६० मुले पहिलीत येतात आणि प्रत्येक मूल १० वर्षे शाळेत राहते. शाळेचा पट किती? तोंडी सांगाल : ६० × १० = ६००. हाच लिटलचा नियम. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे दर एकक काळात आत येणारे गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. तुम्ही म्हणाल, यात सिद्ध करण्यासारखे काय आहे? मुले एकदम येवोत वा हळूहळू, कोणी लवकर जावो वा उशिरा, येण्याचा वेग आणि मुक्काम यांच्या सरासऱ्या दीर्घकाळ स्थिर असल्या की हा गुणाकार चुकत नाही, हे दाखवणे वाटते तितके सोपे नाही. मला तर हा नियम ओहमच्या नियमाच्या पंक्तीत बसवावासा वाटतो. तीन राशींपैकी कोणत्याही दोन कळल्या की तिसरी हाती येते.

आता आपला तक्ता पुन्हा पाहा. त्या सर्व्हरकडे दर सेकंदाला ५० नव्या जोडण्या येतात आणि एक संभाषण सरासरी २ सेकंद चालते असे धरू. सक्रिय जोडण्या ५० × २ = १००. संभाषण संपल्यावर प्रत्येक नोंद १२० सेकंद वहीत राहते, म्हणून निष्क्रिय ५० × १२० = ६,०००. कोडे सुटले. कोणी हल्ला केला नाही आणि सर्व्हरही अडकलेला नाही. ते सहा हजार जण आत नाहीतच. ते केव्हाच निकाल पाहून पेढे आणायला गेले. वहीत फक्त त्यांची नावे आहेत, आणि अशा सहा हजार नोंदींना वाटप्याची फार थोडी स्मृती पुरते.

उलट त्या दिवशी निष्क्रिय आकडा ६,००० वरून एकाएकी ६०० झाला असता तर खुर्चीतून उठायला हवे होते. मुक्काम तोच, १२० सेकंद. म्हणजे येणारेच दर सेकंदाला ५० ऐवजी ५ झाले. बाकीचे ४५ जण कोठे अडकले?

सक्रिय आकड्यालाही एक खोड आहे. ‘माझे संपले’ हा निरोप ऐकूच आला नाही तर काय होईल? खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरते, फोनचा संपर्क तुटतो आणि संभाषण अर्धवट राहते. वाटप्याला वाटते की समोरचा अजून बोलतो आहे. अशी नोंद तो ९०० सेकंद, म्हणजे तब्बल पंधरा मिनिटे, सक्रिय म्हणून धरून ठेवतो. येणाऱ्या ५० जोडण्यांपैकी दर सेकंदाला एकच अशी तुटत असेल तरी १ × ९०० = ९०० भुताटकीच्या जोडण्या जमा होतात आणि सक्रिय आकडा १०० ऐवजी जवळजवळ १,००० दिसू लागतो. सर्व्हरचे काम मात्र तसूभरही वाढलेले नसते.

मीटर आणि काटा

पडद्यावरचे आकडे दोन जातींचे असतात. स्कूटरवर दोन तबकड्या असतात ना? एक आतापर्यंतचे एकूण किलोमीटर दाखवते. ती फक्त पुढेच सरकते. दुसरी आत्ताचा वेग दाखवते. तिचा काटा वरखाली होतो. ‘आतापर्यंत आलेल्या एकूण जोडण्या’ हा आकडा पहिल्या जातीचा, तर ‘आत्ता चालू असलेल्या जोडण्या’ हा दुसऱ्या जातीचा. पहिल्या जातीचा आकडा एकटा निरुपयोगी असतो. तो दोनदा वाचायचा, वजाबाकी करायची आणि मधल्या काळाने भागायचे. मग वेग कळतो.

येथे एक जुना सापळा आहे. जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई. संगणकाचा ३२ बिटी मीटरसुद्धा ४,२९,४९,६७,२९५ नंतर शून्यावर येतो. हा मीटर बाईट मोजत असेल आणि तारेतून सेकंदाला १०० कोटी बिट वाहत असतील, तर तो अवघ्या ३४ सेकंदांत पूर्ण फिरतो. आता कोणी दर पाच मिनिटांनी तो वाचत बसला तर मधल्या काळात मीटर आठदा फिरून गेलेला असेल आणि वजाबाकीला काडीचाही अर्थ उरणार नाही. म्हणून पुढे ६४ बिटी मीटर आले. त्याच वेगाने ते एकदा फिरायला सुमारे ४,७०० वर्षे लागतात, तेवढे पुरे.

पाच मिनिटांचा उल्लेख मी सहज केला नाही. टोबियास ओटिकर यांची १९९५ साली प्रसिद्ध झालेली ‘एमआरटीजी’ ही आलेख काढणारी प्रणाली दर पाच मिनिटांनी मोजमाप घेई, आणि तो पायंडा अनेक ठिकाणी पडला. पाच मिनिटांच्या सरासरीत काय हरवते ते पाहा. एरवी दर सेकंदाला २० जोडण्या येतात, पण एकच्या ठोक्याला १० सेकंद दर सेकंदाला १,००० आल्या. पाच मिनिटांच्या एकूण जोडण्या : १० × १,००० अधिक २९० × २०, म्हणजे १५,८००. त्याला ३०० ने भागले की ५३ पेक्षाही थोडे कमी. आलेखावर एक लहानसा उंचवटा दिसेल. ज्या दहा सेकंदांत सर्व्हर गुदमरला त्यांचा तेथे मागमूसही नसेल, आणि तक्रार करणाऱ्या मुलाला ‘आमच्याकडे तर सर्व ठीक दिसते’ असे उत्तर मिळेल.

किती चढउतार स्वाभाविक?

मग दर सेकंदाला मोजावे तर आकडा सारखा नाचतो : ४६, ५५, ५१, ४३, ५८. यातला कोणता नाच काळजीचा?

किरणोत्सर्गी पदार्थाजवळ गायगर गणित्र ठेवले तर त्याची टकटकही अशीच अनियमित असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना मोजताना सरासरी जर न असेल, तर न च्या वर्गमूळाइतका चढउतार आपोआपच होतो. ५० चे वर्गमूळ सुमारे ७. म्हणजे ४३ ते ५७ मधले आकडे नेहमीचेच. शंभरातून सुमारे पाच वेळा आकडा ३६ ते ६४ च्या बाहेरही जाईल. ८५ मात्र योगायोगाने येणे फारच दुर्मीळ. हेच तत्त्व डेन्मार्कच्या आग्नेर एरलांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करताना टेलिफोनच्या कॉलना लावले. लोक एकमेकांना विचारून फोन करत नाहीत, म्हणून कॉल किरणोत्सर्गी टकटकीसारखेच येतात, हे त्यांनी दाखवले.

शाळेच्या फाटकाशी उभे राहून दर मिनिटाला जाणारी वाहने अर्धा तास मोजा. तीस आकडे मिळतील. त्यांचा मध्य काढा, त्याचे वर्गमूळ काढा आणि किती आकडे मध्यापासून तेवढ्या अंतराच्या आत आहेत ते पाहा. वीसच्या आसपास निघावेत. पण जवळ सिग्नल असेल तर गणित बिघडेल, कारण मग वाहने आपापल्या मनाने येत नाहीत, जथ्याने येतात. निकालाच्या दिवशी नेमके हेच होते. एकचा ठोका हाच मोठा सिग्नल. संगणकाच्या तारेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचेही तसेच. १९९० नंतरच्या दशकात झालेल्या मोजमापांत असे आढळले की ते एरलांगच्या कॉलपेक्षा कितीतरी अधिक जथ्याने धावतात. वर्गमूळाचा नियम वापरताना आधी ‘घटना स्वतंत्र आहेत काय?’ हे विचारले पाहिजे.

सरासरीबद्दल एक छोटी सूचना. १०० प्रश्नांपैकी ९८ ना ०.१ सेकंदात उत्तर मिळाले आणि दोघांना १० सेकंद लागले, तर मध्य सुमारे ०.३ सेकंद येतो. असा ०.३ सेकंद लागलेला माणूस शंभरात एकही नाही! मध्यक ०.१ सेकंद येतो. तो खरा, पण त्या दोघांना विसरतो. म्हणून जाणकार लोक नव्याण्णवावा शततमकही पाहतात, म्हणजे उत्तरांचे वेळ चढत्या क्रमाने मांडून नव्याण्णवाव्या जागेवरचा. तो येथे १० सेकंद आहे. हजारांत मोजले तर असे ताटकळलेले वीस आणि लाखात दोन हजार.

आजारी सर्व्हर आणि शहाणा वाटप्या

आता या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. वाटप्याने वाटप कसे करावे? सोपी रीत आळीपाळीची : पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. दुसरी रीत अधिक शहाणी वाटते : ज्याच्याकडे त्या क्षणी सर्वांत कमी जोडण्या असतील त्याला पुढचे काम द्यायचे. बँकेत आपण सर्वांत लहान रांग पाहून उभे राहतो, तसेच.

प्रश्न आणि उत्तर दोन्ही ज्याच्यामधून जातात असा एक वाटप्या घ्या. एचएप्रॉक्सी या जातीचा आहे. त्याच्यामागे तीन सर्व्हर. दर सेकंदाला एकूण १,०२० प्रश्न, आणि प्रत्येकाला ०.२ सेकंद. प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला ३४० प्रश्न येतात, म्हणून लिटलच्या नियमाने प्रत्येकाकडे ३४० × ०.२ = ६८ चालू जोडण्या. एकूण २०४.

इतक्यात तिसऱ्या सर्व्हरचा माहितीच्या साठ्याशी संबंध तुटला. तो बंद पडला असता तर बरे झाले असते! तो चालूच आहे, पण निकाल शोधण्याऐवजी ‘क्षमस्व, चूक झाली’ एवढेच उत्तर देतो, आणि तेही ०.००२ सेकंदात. काहीच न करणाऱ्याचे काम नेहमीच झटपट होते. त्याच्याकडची रांग क्षणात रिकामी होते. वाटप्याला वाटते, हा मोकळा आहे. म्हणून पुढचे काम त्यालाच. तेही क्षणात ‘उरकते’.

वाटप्या तिघांकडच्या चालू जोडण्या समान ठेवू पाहतो. त्या प्रत्येकी ज असतील तर निरोगी सर्व्हर सेकंदाला ज ÷ ०.२, म्हणजे ५ ज प्रश्न घेईल; आजारी ज ÷ ०.००२, म्हणजे ५०० ज. तिघांची बेरीज ५१० ज. ती १,०२० असली पाहिजे, म्हणून ज = २. निरोगी सर्व्हरांना सेकंदाला फक्त दहा-दहा प्रश्न मिळतात आणि आजाऱ्याला १,०००. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पदरी ‘क्षमस्व’ पडते.

आणि पडदा काय दाखवतो? चालू जोडण्या २, २, २. किती सुरेख समतोल! एकूण जोडण्या २०४ वरून ६ वर आलेल्या. उत्तराचा सरासरी वेळ ०.२ सेकंदांवरून सुमारे ०.००६ वर. फक्त हे तीन आकडे पाहणारा म्हणेल की आज सर्व्हर कधी नव्हे इतके उत्तम चालले आहेत. चौथा आकडा, म्हणजे प्रत्येक सर्व्हरकडे दर सेकंदाला जाणाऱ्या नव्या जोडण्या, पाहिला की १०, १०, १,००० दिसते आणि बिंग फुटते. एचएप्रॉक्सीच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असतात. डोळा मात्र पहिल्यावरच थांबतो. कमीत कमी जोडण्यांची रीत लांबलचक संभाषणांसाठी चांगली, छोट्या झटपट प्रश्नांसाठी तितकीशी नाही, असे त्या प्रणालीच्या माहितीपुस्तिकेतही सांगितले आहे.

यावर उपाय म्हणून वाटप्या दर काही सेकंदांनी सर्व्हरांची तब्येत तपासतो. पण ‘जिवंत आहेस का?’ एवढेच विचारले तर आपला आजारी सर्व्हर ‘हो’ म्हणेल. त्याला एखाद्या ठरलेल्या आसनक्रमांकाचे गुण विचारायचे आणि बरोबर उत्तर आले तरच काम द्यायचे, हे बरे. आजारी सर्व्हर काढून टाकल्यावर उरलेल्या दोघांवर किती भार पडेल हेही आधी मोजून ठेवावे लागते, कारण भार क्षमतेजवळ गेला की रांग सरळ रेषेत वाढत नाही. सेकंदाला १०० प्रश्न सोडवू शकणारा सर्व्हर घ्या. प्रश्नांचे येणे आणि त्यांना लागणारा वेळ दोन्ही यदृच्छया बदलत असतील, तर सरासरी प्रतीक्षेसह लागणारा वेळ, सेकंदांत, १ भागिले (१०० वजा येणारे प्रश्न) इतका असतो. ५० प्रश्न आले तर ०.०२ सेकंद, ९० आले तर ०.१, आणि ९९ आले तर पुरा १ सेकंद. नव्वदावरून नव्याण्णवावर जाताना काम दहा टक्क्यांनी वाढले आणि वेळ दहापट झाला. एक वाजून एक मिनिटाने संकेतस्थळ का रेंगाळते त्याचे पुष्कळसे उत्तर या एका भागाकारात आहे.

आता तुमच्यासाठी गणित. झांग यांच्या प्रणालीवर चालणाऱ्या एका वाटप्यामागे चार सर्व्हर आहेत आणि वाटप आळीपाळीने होते. दर सेकंदाला एकूण ४०० नव्या जोडण्या येतात व एक संभाषण १.५ सेकंद चालते. प्रत्येक सर्व्हरपुढे सक्रिय व निष्क्रिय आकडे किती दिसले पाहिजेत? प्रत्यक्षात तिसऱ्या सर्व्हरपुढे निष्क्रिय आकडा अपेक्षेइतकाच आहे, पण सक्रिय १,५०० दिसतो. बाकी तिघांचे आकडे ठीक आहेत. हा सर्व्हर मंदावला आहे, की बोगद्यात शिरलेल्या गाडीतल्या भुताटकीच्या जोडण्या आहेत? निर्णय तक्त्यावरूनच करता येतो. दोन्ही शक्यता वेगवेगळ्या धरून आकडे मांडा, आणि बाकीच्या तीन सर्व्हरांकडेही एकदा पाहा.